क्वेर्सेटिनसाठी सव्वा किलो कांदा खाणार का?

कांद्याचा एक फॉरवर्ड पुन्हा घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लाल कांद्यात आणि त्याच्या सालीत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. रोज एक कच्चा कांदा खा, साली उकळून ते पाणी प्या. रक्तदाब उतरतो, कर्करोगाच्या पेशी मरतात, विषाणू टिकत नाहीत. मग गोळ्या कशाला?

द्रव्य खरं आहे, तिथे वाद नाही. क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या रसायनांचा एक गट) कांदा, सफरचंद, चहा, शेवग्याचा पाला अशा कितीतरी गोष्टींत असतं. लाल कांद्यात 100 ग्रॅममागे साधारण 40 मिलिग्रॅम, पांढऱ्यात फारच कमी. (अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या चाहत्यांनी नाराज होऊ नये, चवीचा हिशेब वेगळा.) फॉरवर्डची गाडी घसरते ती मात्रेवर.

रक्तदाबाचं बघा. माणसांवरच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण 2016 साली प्रसिद्ध झालं. वरचा आकडा सरासरी तीनने उतरलेला दिसला, आणि ठळक परिणाम दिवसाला 500 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त क्वेर्सेटिन घेणाऱ्यांत होता. एवढं कांद्यातून मिळवायचं तर रोज सव्वा किलो लाल कांदा खावा लागेल. भाव पडलेले असतानाही हे कुणाला झेपणार नाही, आणि शेजारी बसणाऱ्याला तर मुळीच नाही. उलट रक्तदाबाची नेहमीची एक गोळी तोच आकडा साधारण नऊने उतरवते. ती बंद करून कांद्यावर राहण्याचा सल्ला देणाऱ्याला अर्धांगवायूचा रुग्ण जवळून पाहायला मिळालेला नसावा.

कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत मरतात, हेही खरं. पण बशीत द्रव्य थेट पेशीवर ओततात. खाल्लेलं क्वेर्सेटिन आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात शिरताच त्याला दुसरे रेणू जोडले जातात. रक्तात मूळ रूपात ते जेमतेम सापडतं. बशीत वापरतात ती तीव्रता जेवणातून रक्तात येत नाही. शिरेतून देऊन पाहिलं 1996 साली, तेव्हा जास्त मात्रेला काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना त्रास झाला.

यात उपयोगाचं काहीच नाही असं मात्र नाही. म्हाताऱ्या झालेल्या, मरायला तयार नसलेल्या पेशी हटवण्यासाठी डासाटिनिब या कर्करोगाच्या औषधाबरोबर क्वेर्सेटिन वापरून पाहिलं जातंय. फुफ्फुस आकसण्याच्या आजारावर अशी पहिली छोटी चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली: 14 रुग्ण, आणि एका दिवसाला 1250 मिलिग्रॅम क्वेर्सेटिन. काम रंजक आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं आहे. कोशिंबिरीशी त्याचा संबंध नाही.

विषाणूंचा दावा कोरोनाच्या काळात फोफावला. क्वेर्सेटिन जस्ताला पेशीत शिरायला मदत करतं, असं 2014 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं. पेशीत शिरलेलं जस्त विषाणूला रोखेल, असं धरून तेवढ्या धाग्यावर ‘रामबाण’ विणला गेला.

‘कच्चाच खा’ हा आग्रहही फुकाचा. क्वेर्सेटिन परतल्याने फारसं जात नाही. उकळलं तर काही भाग पाण्यात उतरतो, म्हणजे रश्श्यातच राहतो. वाया जातं ते सोलताना, कारण सगळ्यात जास्त साठा बाहेरच्या पापुद्र्यांत असतो. पण म्हणून साली उकळायच्या? साठवणीच्या चाळीत महिनोन्‌महिने पडलेल्या कांद्याच्या सालीवरची काळी बुरशी बहुतेकांनी पाहिली असेल. फवारणीचे अंशही सालीवर राहू शकतात, आणि पातेल्यातल्या पाण्यात नेमकं किती क्वेर्सेटिन उतरलं ते मोजायची घरी सोय नाही.

बाजारातल्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सुलांना तर औषधासारखंच वागवायला हवं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी क्वेर्सेटिनमुळे वाढलेली माणसांत दिसली आहे. कॅप्सूल सुरू करायची असेल, तर चालू गोळ्यांची यादी आधी डॉक्टरांपुढे ठेवा.