इंग्रजी आलं की नोकरी नक्की?

रविवारी दाजींनी घरच्या ग्रुपवर एका इंग्रजीच्या क्लासचा फॉरवर्ड टाकला आणि संध्याकाळी भाचीचा फोन आला, "मामा, हा क्लास लावू का? फी २५ हजार आहे." पोरगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. फॉरवर्डमध्ये काय, तर पदवीधरांना नोकरी नाही याला कारण एकच, इंग्रजी. ते आलं की नोकरी नक्की. कॉलेजात ते येत नाही, क्लासमध्ये ९० दिवसांत येतं. आणि आजपासून घरात मराठी बंद! मी तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजीच शिकवतो. गप्प बसवेना.

इंग्रजीला बाजारात भाव आहे, हे खरं. मेहताब आझम, एमी चिन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २००५ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणावरून हिशेब मांडला. शिक्षण, वय, सामाजिक गट हे सगळं लक्षात घेऊनही, सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के जास्त, थोडंफार बोलणाऱ्यांची १३ टक्के जास्त. क्लासवाले एवढंच सांगतात. त्याच अभ्यासात पुढे आहे की तरुणांपैकी फक्त जास्त शिकलेल्यांनाच हा फायदा मिळतो. म्हणजे आधी विषय पक्का हवा. नुसत्या इंग्रजीवर कोण पगार देणार?

आता ते ९० दिवस. रोज एक तास धरला तरी झाले ९० तास. इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजच्या संस्थेचा अंदाज आहे की इंग्रजीची एक पायरी चढायला साधारण २०० तास लागतात. अर्ध्या पायरीचे २५ हजार, तेही दाजी पतसंस्थेचं कर्ज काढून भरणार!

"कॉलेजात इंग्रजी येत नाही" हे मात्र मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. भाचीला वही घेऊन घरी बोलावलं. गाइडमधला नोकरीचा अर्ज पाच वेळा जसाच्या तसा उतरवलेला. तीन वर्षांत तिला वर्गात दोन मिनिटं इंग्रजीत कुणी बोलायला लावलेलं नाही. मीही शंभर पोरांपुढे धडा मराठीत समजावून सांगतो, तेव्हा यात माझाही वाटा आहे. मग तिच्यापुढे एक बिल ठेवलं. त्यात जीएसटी दोनदा लागला होता. चूक तिने बघताक्षणी पकडली. पुरवठादाराला मेल लिही म्हटलं, तर चार ओळींना वीस मिनिटं लागली. 'ट्वाइस' हा शब्द काही केल्या आठवेना. तिला हेच इंग्रजी लागणार आहे, आणि ते बीकॉममध्येच शिकवलं पाहिजे. वीस-वीसच्या तुकड्या करा, तोंडी परीक्षेला गुण ठेवा, निबंधाऐवजी बिलं आणि मेल द्या.

घरातलं मराठी बंद करायचं म्हणे. ताईला इंग्रजी येत नाही. मग पोरीने आईशी बोलायचंच नाही का?

दाजींना सांगितलं, पैसे राहू द्या. भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी आता शनिवारी चारला माझ्याकडे येतात. या शनिवारी क्रेडिट नोट, म्हणजे बिलात जादा लागलेली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, मागणारा मेल लिहायचाय.