अझुलाची कड घ्या, पण तिच्या आईला सोडा

व्हिलनची कड घेणाऱ्या पोरांना हसणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी भाची कॉलेजसाठी साताऱ्याहून आली, ती आमच्याकडेच कर्वेनगरला राहते. तिच्या खोलीत भिंतीवर निळ्या वेण्यांची जिंक्स आहे, लॅपटॉपच्या झाकणावर अझुला आहे, दोघी कार्टूनमधल्या व्हिलन, आणि या दोघींबद्दल वाकडा शब्द काढला की संध्याकाळचा चहा आपला आपण करून घ्यावा लागतो. माझा नवरा म्हणतो, एवढी मोठी झाली तरी कार्टून कसली बघते! हेच गृहस्थ 'कर्णावर अन्याय झाला' या विषयावर जेवणानंतर हात वाळेपर्यंत बोलतात. म्हणजे खोड घरातलीच आहे, पात्रं तेवढी बदलली.

तिच्या नादाने मीही हे सगळं पाहिलं. आधी भाजी निवडता निवडता, मग भाजी बाजूला ठेवून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही निकलोडियनची मालिका, २००५ ते २००८, ३ सीझन, ६१ भाग. त्यातल्या अग्निराष्ट्राचा राजा ओझाई. त्याला दोन मुलं. थोरला झुको. १३ वर्षांचा असताना युद्धाच्या बैठकीत मधे बोलला म्हणून बापाने त्याला द्वंद्वात उभं केलं, आणि तो लढेना तेव्हा त्याचा चेहरा भाजून त्याला देशाबाहेर काढलं. धाकटी अझुला. तल्लख, निळी आग काढणारी, बापाची लाडकी. झुको ठेचा खात खात माणसात येतो आणि बघणाऱ्यांच्या गळ्यातला ताईत होतो. अझुला शेवटी साखळीने बांधलेली, तोंडातून आग ओकत धाय मोकलून रडताना दिसते. मालिकेपुरती तिची गोष्ट तिथे संपते, आणि फॅन लोकांची तिथून सुरू होते. तिला कोणी समजावलं असतं तर? तिलाही झुकोला भेटला तसा काका भेटला असता तर? किती फॅनफिक, म्हणजे फॅन लोकांनी स्वतः रचलेल्या गोष्टी, आहेत याला गणती नाही.

या लोकांचा मुद्दा मला मान्य आहे. ती १४ वर्षांची आहे. नववीतली मुलगी! आपल्या सोसायटीत या वयाच्या मुलीला रिक्षाने एकटीला डेक्कनला पाठवायचं तरी आपण चार वेळा फोन करतो, आणि हिच्या हातात बापाने आख्खं युद्ध दिलंय.

भाचीचा लाडका पुरावा म्हणजे बाहुली. झुकोच्या आठवणींचा एक भाग आहे. इरो काका लांब बा सिंग से शहराला वेढा घालून बसलाय आणि तिथून पुतण्यांना भेटी पाठवतो. झुकोला चाकू, शरण आलेल्या सेनापतीचा. अझुलाला बाहुली, तिकडच्या नव्या फॅशनचे कपडे घातलेली. अझुला ती बाहुली जाळून टाकते. बघताना वाटतं, काय दुष्ट कार्टी आहे. भाची म्हणते, "मावशी, दोघांत लढायला कोण चांगलं होतं? ती ना? मग चाकू कुणाला हवा होता?" मला यावर काही बोलता आलं नाही. ज्या इरोच्या नावाने लोक चहाचे मग विकत घेतात, जो पुतण्यासाठी जीव पाखडतो, तोच इरो दुसऱ्या सीझनमध्ये पुतणीबद्दल सरळ म्हणतो की ती वेडी आहे, तिला खाली पाडायलाच हवं. काकांचा जीव एकाच पोरावर, हे आपल्याकडच्या कुठल्याही वाटणीच्या भांडणात ऐकायला मिळतं.

आणि तो शेवट. बाप स्वतःला सगळ्या जगाचा सम्राट म्हणवून घेतो आणि अझुलाला घरी बसवून मोहिमेवर निघतो. तेव्हा ती ओरडते, "मला झुकोसारखं वागवू शकत नाही तुम्ही!" मला आख्ख्या मालिकेत हे एक वाक्य सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे तिला सगळं दिसत होतं. भावाचं काय केलं ते तिने पाहिलं होतं, आणि आपला नंबर लागू नये म्हणूनच ती एवढी वर्षं पहिली येत होती. पुढे चेरीत एक बी राहिली म्हणून ती दासीला हद्दपार करते, मग एकेक करून सगळ्यांना. स्वतःचे केस स्वतः वेडेवाकडे कापते. आरशात तिला आई दिसते. आई म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. अझुला ब्रश फेकून आरसा फोडते.

इथपर्यंत मी भाचीबरोबर आहे. आमचं भांडण याच आरशापाशी होतं.

कारण इथून फॅन मंडळींचा सगळा मोर्चा वळतो तो आईकडे. उरसाने झुकोलाच जवळ केलं. उरसाने मुलीला राक्षसीण मानलं. उरसा तिला टाकून गेली. तिने थोडी माया लावली असती तर पोरगी अशी झाली नसती. रील पाहा, पोस्ट पाहा, सूर हाच.

आता उरसाचं जरा बघू. ओझाईने थोरल्या भावाचा मुलगा युद्धात मेल्याचं निमित्त करून गादी मागितली. म्हातारा राजा चिडला आणि त्याने ओझाईला स्वतःच्याच पहिल्या मुलाचा जीव घेण्याची शिक्षा फर्मावली. मुलगा वाचवायला उरसाने काहीतरी भयंकर केलं, आणि त्याच रात्री तिला राजवाडा सोडावा लागला. झुकोला झोपेतून उठवून ती निरोप घेते. अझुलाकडे गेलेली आपल्याला दिसत नाही. यावरून खटला उभा! पण आपण हे कुणाच्या डोळ्यांनी बघतोय? तो भाग झुकोच्या आठवणींचा आहे. आणि आरशातली आई तर अझुलाच्याच डोक्यातली. बाईचं स्वतःचं म्हणणं मालिकेत कुठेच नाही. दोन दुखावलेल्या पोरांच्या साक्षीवर आईला शिक्षा, आणि ज्याने पोटच्या पोराचं तोंड जाळलं तो? "तो काय, तसाच होता." ओझाई विषय संपला.

'या मुलीचं झालंय तरी काय,' असं उरसा एकदा बोलते, ते मी विसरलेले नाही. पोरीबद्दल असं बोलू नये. पण घरात सासरा असा, नवरा असा, आणि धाकटी आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत हुबेहूब नवऱ्यासारखं बोलायला लागलेली. त्या आईला भीती वाटली असेल, एवढं समजून घ्यायला फॅनफिक लिहावं लागत नाही.

'आर्केन'मध्येही हेच. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर पहिला सीझन आला, २०२४ मध्ये दुसरा. पावडर नावाची लहानगी बहिणीला सोडवायला म्हणून घरी बनवलेला बॉम्ब लावते आणि त्यात आपलीच माणसं मरतात. थोरली बहीण व्हाय संतापून तिला मारते, तूच अपशकुनी आहेस म्हणते आणि चार पावलं लांब जाते. मागे वळेपर्यंत पावडरपाशी वस्तीतला गुंड सिल्को पोचलेला असतो, आणि व्हायला पकडून नेतात ते थेट तुरुंगात. तिथे तिची सगळी उमेदीची वर्षं जातात. सिल्को पावडरला पोसतो आणि तिची जिंक्स करतो.

यावर लोक काय म्हणतात? व्हायने टाकलं. आणि सिल्को? जगातला सगळ्यात चांगला बाप! त्याच्या नावाने फादर्स डेचे एडिट फिरतात. जो माणूस वस्तीत शिमर नावाची नशा विकून घरं उद्ध्वस्त करतो, ज्याच्यामुळे त्या पोरींना सांभाळणारा माणूस मेला, तो बाप म्हणून पास. आणि डोळ्यांदेखत घर गेलेल्या एका पोरीने पाच मिनिटं डोकं धरून बसायची सोय नाही. भाची यावर गप्प झाली, मग म्हणाली, "पण सिल्कोचं प्रेम खरं होतं." होतं की. मी कुठे नाही म्हणते? खऱ्या प्रेमानेही माणूस पोराची वाट लावू शकतो, ते नवल नाही.

मग मला नवऱ्याचा कर्ण आठवला. आपल्याकडे कर्णाबद्दल वाईट बोलायची सोय नाही. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आलं आणि मराठी घरांत पिढ्या त्यावर रडल्या, मीही रडले आहे. कर्णाची कड घ्यावी असं बरंच आहे त्याच्यात. पण त्याचं दुःख मांडताना बोट कुणाकडे जातं? कुंतीकडे. लग्न न झालेली, घाबरलेली पोर ती. तिने मूल नदीत सोडलं हे तिसरीतल्या मुलालाही पाठ असतं. सूर्याला मात्र कुणी विचारत नाही की बाबा रे, तू कुठे होतास? तो आपला रोज वेळेवर उगवतोय. आणि सभेत द्रौपदीबद्दल जे बोलला, तिची वस्त्रं काढा म्हणाला, तो कर्ण कुठे जातो? त्या सभेत विकर्ण नावाचा कौरव उभा राहिला होता, दुर्योधनाचाच भाऊ. हे चूक आहे, एवढं तो भर सभेत बोलला. त्याला पोरसवदा म्हणून खाली बसवणारा कर्णच. बिघडलेल्या घरातला भाऊ म्हणून ज्याच्यावर कादंबरी लिहावी तो हा, पण विकर्णाचं पोस्टर कुणी लावत नाही.

गंमत म्हणजे इरावती कर्व्यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच. तिथे सभेतला कर्ण सुटत नाही. दोन्ही पुस्तकं माझ्या आईच्या कपाटात शेजारी शेजारी होती. एक वाचून वाचून सुटं झालेलं, दुसऱ्याचं कव्हर शाबूत. कुठलं कुठलं ते ओळखा.

पुण्यात राहून शनिवारवाड्याचा विषय निघाला नाही असं होत नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव मारला गेला. गादीवर बसला राघोबा, रामशास्त्र्यांनी दोषी धरला तोही राघोबा. आणि पाहुण्यांना वाडा दाखवताना आपण गोष्ट सांगतो ती आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केल्याची. पुतण्याच्या खुनात काका राहिला बाजूला!

डिस्नेवाले तरी काय वेगळे? १९९४ च्या 'लायन किंग'मधला स्कार सख्ख्या भावाला कड्यावरून ढकलतो, कारण त्याला राज्य हवंय. सरळ हिशेब. २०२४ च्या 'मुफासा'त त्याला लहानपण दिलं, ताका हे नाव दिलं, आणि तो फिरतो कशावरून, तर साराबीचं मन मुफासाकडे वळलं यावरून. झालं, इथेही एक बाई मधे आणून बसवलीच.

हे का होतं, याचं माझं उत्तर असं. व्हिलन आवडला की त्याचा गुन्हा आपल्याला जड व्हायला लागतो. मग तो कुठेतरी उतरवून ठेवायचा. ओझाईवर ठेवून समाधान होत नाही, कारण त्याच्याकडून आपली अपेक्षाच नव्हती. अपेक्षा असते आईकडून, थोरल्या बहिणीकडून, म्हणून बिल त्यांच्या नावावर फाटतं. आमच्या बिल्डिंगमध्ये एका मुलाने मध्यंतरी बरेच प्रताप केले. जिन्यात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "आई नोकरी करते ना, लक्ष कोण देणार?" वडील त्याच जिन्याने रोज वर-खाली करतात. त्यांना सगळे नमस्कार करतात.

गुन्हा न उतरवता कड घेता येते की नाही? येते. 'डीमन स्लेयर' या जपानी मालिकेतली ग्युतारो आणि डाकी ही भावंडं पाहा. वेश्यावस्तीत, उपासमारीत जन्मलेली. बहिणीला लहानपणी जिवंत जाळलेलं. पुढे दोघं राक्षस होतात आणि माणसं खातात. राक्षसांशी लढणारा नायक तांजिरो आणि त्याचे साथीदार त्यांना मारतात, म्हणजे खरंच मारतात, मुंडकी उडवून. त्या तुटलेल्या मुंडक्यांचंही भांडण चालू असतं, तुझ्यामुळे हरलो, तू माझा भाऊच नाहीस. तर तांजिरो पुढे होऊन ग्युतारोच्या तोंडावर हात ठेवतो. तुम्ही जे केलंत त्याबद्दल दुसरं कुणी तुम्हाला माफ करणार नाही, म्हणून निदान एकमेकांना तरी शिव्या देऊ नका, असं त्याचं म्हणणं. त्यात कुणाची आई काढलेली नाही, केलेलं पुसलेलं नाही, आणि तरी मी पदराने डोळे पुसले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मालिकेचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा थिएटरला लागला तेव्हा भाचीच्या कंपूबरोबर मीही गेले. त्यातल्या अकाझा या राक्षसाची गोष्ट सुरू झाली आणि आजूबाजूला दणकट दणकट मुलं नाक ओढत होती. आपण आपल्या मुलांना जेवढं समजतो त्यापेक्षा ती बरीच हळवी आहेत.

तर अझुलाने मालिकेचा नायक आंग याच्या पाठीत वीज घातली, मैत्रिणींना धाकात ठेवलं, एक आख्खं शहर घशात घातलं. हे सगळं तिने केलं. आणि ती १४ वर्षांची होती. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली पाहिजेत, मधे उरसाला न आणता.

भाचीने हे ऐकून नवीन फॅनफिक लिहायला घेतलंय, म्हणजे अगदीच पालथ्या घड्यावर पाणी नाही. गोष्ट उरसाच्या तोंडून आहे, ती राजवाडा सोडते त्या रात्रीची. मी म्हटलं, छान आहे, पण ओझाईला निदान २ पानं दे. तो त्या रात्री काय करत होता? जेवला का? झोपला का? तर म्हणते, "मावशी, त्याच्यावर लिहायला बोअर होतं गं." कालपासून आमचं यावरच चालू आहे. ओझाईवर कुणी नीट काही लिहिलेलं वाचलं असेल, मराठी-इंग्रजी कसंही, तर खाली लिंक टाका. मला तिच्या तोंडावर मारायला हवी आहे.