मधनं, मधनं, परत मधनं

आज कुणीही मला ‘अगं, एक मॅचच तर आहे’ असं म्हणायचं नाही. दुपारपासून तिघांचं म्हणून झालंय. त्यातले एक आमचे भावजी. फुटबॉलचा चेंडू लंबुळका का असतो हे ज्यांना अजून कळलेलं नाही, त्यांनी मला समजूत घालावी?

१३-१०. अमेरिकन फुटबॉल. आमच्या शहरातल्या कॉलेजचा संघ, ओहायो स्टेट, हरला. मिशिगनकडून. आपल्या घरी, हॉर्सशू स्टेडियममध्ये, लाखावर माणसांच्या देखत. ओळीनं चौथ्या वर्षी. आपण देशात दुसऱ्या क्रमांकावर, दहा जिंकलेले, एक हरलेला. ते सहा जिंकलेले, पाच हरलेले. सट्टेवाले म्हणत होते वीसेक गुणांनी आपण जिंकणार. मी सकाळी सातला उठून मिसळीचा कट टाकला होता, बारा माणसांचे पाव आणले होते. सामना संपला तेव्हा निम्मे पाव तसेच होते आणि फरसाण कुणीतरी नुसतंच चिवडत बसलं होतं. पाहुणे ‘निघतो’ एवढंच म्हणून गेले. मयताला आल्यासारखे.

हरल्याचं काही नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला बोलू. आहेच. पण कसं हरलो त्याचा संताप जास्त आहे.

गावाकडच्या मंडळींसाठी दोन ओळी: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. चेंडू फेकून जा नाहीतर छातीशी धरून धावत जा. कुठल्या वेळी काय करायचं हे बाजूला उभा राहून कोच ठरवतो. त्याला प्ले कॉलिंग म्हणतात, आणि ज्याला ते जमत नाही त्याला या शहरात काय काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

आता ऐका. मिशिगनच्या बचावाचा मध्य म्हणजे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोन माणसं नव्हेत, दोन बुरूज. उद्या एनएफएलवाले, म्हणजे पैसे घेऊन खेळणाऱ्या बड्या लीगचे संघ, त्यांच्यासाठी रांग लावतील. आणि कडेला? त्यांचा सगळ्यात भारी कॉर्नर (कडेनं येणारे पास अडवणारा), विल जॉन्सन, जखमी होऊन घरी बसलेला. आपल्याकडे कडेला कोण? जेरेमाया स्मिथ. पहिल्या वर्षाचं पोर, पण चेंडू असा उचलतं की जणू झाडावरचा आंबा. शिवाय एमेका एगबुका, कार्नेल टेट. वीस मिलियन डॉलरचा संघ म्हणून वर्षभर मिरवलं आपण. चिप केली, जो यूसीएलए विद्यापीठाचं मुख्य कोचपद सोडून इथे फक्त ऑफेन्स (म्हणजे चढाई) चालवायला आला, आणि त्याच्या डोक्यावर मुख्य कोच रायन डे. दोघांनी मिळून काय ठरवलं?

मधनं जा. पुन्हा मधनं. अडलं? परत मधनं.

२६ वेळा धावलो, ७७ यार्ड मिळाले. भागून बघा, तीनसुद्धा येत नाहीत. हाफटाइमला १०-१० होते. त्यानंतर आपला गुण एकही नाही. शून्य. मी टीव्हीपुढे उभी राहून ओरडत होते, “अरे कडेनं! कडा मोकळी आहे!” आणि माझा डावा घोटा ठणकायला लागला.

घोट्याची गोष्ट माझ्या जवळच्या लोकांना माहीत आहे. तरी सांगते.

१९९६. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, फायनल. मी आमची मुख्य रेडर. समोरच्या संघाचा उजवा कोपरा म्हणजे एक धिप्पाड मुलगी, तिच्या हातात घोटा सापडला की संपलं. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या गुडघ्याला क्रेप बँडेज, ती लंगडत होती. आता हे ज्याला दोन डोळे आहेत त्याला कळेल की चढाई कुठे करायची. पहिल्या हाफमध्ये मी चार वेळा त्या लंगड्या बाजूनं गेले आणि चारही वेळा गुण घेऊन आले. मग कुंपणावरची पोरं ओरडायला लागली, “घाबरली रे, कडंकडंनं पळतीया!” हाफटाइमला आमच्या सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “आता उजव्या कोपऱ्यावर जायचं. दाखव त्यांना.”

तीन वेळा गेले. तीन वेळा सापडले. तिसऱ्यांदा घोटा असा पिरगळला की अठ्ठावीस वर्षांनी ओहायोच्या थंडीतही तो तारीख-वार सांगतो. दोन गुणांनी हरलो.

तर आज सामना बघताना मला केली दिसत नव्हता की डे दिसत नव्हता. सर दिसत होते. ‘दाखव त्यांना.’

हे प्ले कॉलिंग फुटबॉलचं नव्हतंच हो. हे टोमण्याला दिलेलं उत्तर होतं. २०२१ मध्ये मिशिगननं आपल्याला ४२-२७ हरवलं, पळून पळून जीव घेतला, वर त्यांचा ऑफेन्सचा कोच जॉश गॅटिस म्हणाला की ओहायो स्टेट नाजूक संघ आहे, दणकट नाही. ते वाक्य या शहराच्या घशात काट्यासारखं अडकलंय. २०२३ मध्ये नोट्र डेमचे माजी कोच, म्हातारे लू होल्ट्झ, तेच बोलले, तर नोट्र डेमला हरवल्या हरवल्या डे टीव्हीवर त्यांच्या नावानं ओरडत सुटला. सामना जिंकलेला माणूस असा ओरडतो? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तेव्हापासून याला फक्त जिंकायचं नाहीये, याला दणकट म्हणवून घ्यायचंय.

आणि हे खूळ त्याच्या एकट्याचं नाही, आपल्या मातीतलंच आहे. ओहायो स्टेटचा जुना कोच वुडी हेज या गावचा देव. ‘तीन यार्ड आणि धुळीचा लोट’ हा त्याचा मंत्र. आमच्या शेजारचे आजोबा अजून डोळे मिटून सांगतात, हेजच्या काळी चेंडू फेकणं म्हणजे कमीपणा होता. (त्याच हेजला १९७८ मध्ये समोरच्या संघाच्या पोराला ठोसा मारला म्हणून जावं लागलं, ते आजोबा सांगत नाहीत.) धुळीचा लोट ठीक आहे, पण आजचे तर तीन यार्डही पूर्ण नव्हते.

बरं, मान्य. ऑफेन्सिव्ह लाइनमधले (चेंडूवाल्याला वाट करून देणाऱ्या फळीतले) दोन खंदे वीर, सिमन्स आणि मॅक्लॉलिन, जखमी आहेत. किकरनं दोन फील्ड गोल (लाथेनं चेंडू खांबांमधून मारायचा, तीन गुण) घालवले, दोन्ही चाळीस यार्डांच्या आतले. ते गेले असते तर ही पोस्ट झाली नसती. नवरा म्हणतो, “पास टाकले तेव्हाच दोन इंटरसेप्शन झाली ना?” झाली. दोन्ही वेळा चेंडू त्यांच्या हातात गेला. नवऱ्याला आज बोलायची परवानगी नाहीये.

सामन्यानंतर मिशिगनच्या पोरांनी आपल्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला. त्यावर मला काही म्हणायचं नाही. जिथं दिवसभर आपण डोकं आपटलं त्याच जागी ते झेंडा लावणार, आणखी कुठे लावतील?

सगळ्यात वाईट वाटतं ते एगबुकाचं. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याची चिमुकली चड्डी मिळते, गळ्यात घालण्याएवढी. १९३४ पासूनची पद्धत आहे, हसू नका. या पोराचं चौथं वर्ष, एकही चड्डी नाही. आणि तो मोकळा पळतोय, हात वर करतोय, आणि चेंडू? मधनं.

इथपर्यंत लिहून मी मिसळ गरम करायला उठले होते. परत आले तेव्हा मुलाचा फोन. तो तिथेच शिकतो, दक्षिणेच्या स्टँडमध्ये होता. आठवडाभर कॅम्पसच्या पाट्यांवरचा प्रत्येक ‘एम’ लाल पट्टीनं खोडत हिंडला होता. आवाज बसलेला. म्हणाला, “आई, आमच्या मागे एक माणूस होता. खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी. आणि तो डेला अशा शिव्या देत होता ना... ती मुलगी पण म्हणायला लागली.”

“मग?”

“मग काय. मी पण देतच होतो.”

फोन ठेवल्यावर आमच्या भागाच्या ग्रुपवर गेले. तीनशे मेसेज. ‘हाकला याला’ वगैरे ठीक आहे. घरापुढे ‘विकणे आहे’ची पाटी लावून या म्हणे, हाही जुना विनोद. पण एकानं डेच्या मुलांबद्दल लिहिलं होतं. ते मी इथे लिहीत नाही. त्याखाली चौदा जणांनी हसरे चेहरे टाकले होते. त्यातले दोघे गणपतीला माझ्या घरी जेवून गेलेत.

डे लहान असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. हे तो स्वतः सांगतो, लपवत नाही. त्यानं आणि त्याच्या बायकोनं इथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी निधी उभा केलाय. याच महिन्यात मुलाखतीत म्हणाला होता की वडील जाणं आणि आणखी एकदोन गोष्टी सोडल्या तर मिशिगनकडून हरणं हे आमच्या कुटुंबावर आलेलं सगळ्यात वाईट. तेव्हा मी म्हटलं होतं, काय नाटकी माणूस आहे. आता त्या चौदा हसऱ्या चेहऱ्यांकडे बघून तसं म्हणवत नाही.

वर गॅटिसच्या परिच्छेदात मी डेला एक विशेषण लावलं होतं. खोडलंय.

पण प्ले कॉलिंग माफ नाही! हे लक्षात ठेवा. दया आली म्हणजे तीन यार्डांचे दहा होत नाहीत. वर्षाला आमच्या अख्ख्या गल्लीची घरं फिटतील एवढा पगार घेतो, तर त्यानं कुंपणावरच्या पोरांचं ऐकायचं नसतं. आणि पोरांनो, तुमचंही सांगते. तीन वर्षं ‘नाजूक, नाजूक, दणकटपणा दाखव’ म्हणून तुम्हीच ओरडलात. आज त्यानं दणकटपणा दाखवला, ग्रॅहम-ग्रँटच्या छातीवर डोकं आपटून दाखवला, तर आता म्हणताय अक्कल नाही. मग नक्की काय करायचं त्यानं?

आता ती कबड्डीची गोष्ट. वर अर्धीच सांगितली. अर्धीच सांगते मी नेहमी.

कुंपणावर फक्त पोरं नव्हती. आमचे बाबा होते. चौदा किलोमीटर सायकल मारून आले होते, कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बाबा माझ्या सामन्याला आलेले ते पहिल्यांदाच. आणि पोरांनी ‘घाबरली’ म्हटल्यावर त्या सगळ्यांच्या वर एक आवाज आला, “उजवीकडं जा की गं! भितीस काय!” सरांनीही ऐकला. हाफटाइमला माझ्याशी बोलताना ते माझ्याकडे बघतच नव्हते. कुंपणाकडे बघत होते.

परत जाताना बाबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, सुजलेला पाय लोंबकळत. वाटेत एका गाड्यावर दोन वडापाव घेतले, दोन्ही मला दिले. बोलले काहीच नाहीत. मीही नाही. सरांना मात्र मी अठ्ठावीस वर्षं शिव्या देते आहे, दर थंडीत.

आत्ता रात्रीचे साडेदहा. तिकडे रविवारची सकाळ, नऊ वाजलेत. बाबांना फोन लावला. ऐंशीला टेकलेत. नातू जातो त्या कॉलेजची मॅच आज आहे एवढं त्यांना माहीत होतं.

“जिंकलात का?”

“हरलो, बाबा.”

“आरारा. किती?”

“तीन गुणांनी.”

“कुठनं जात होते?”

हा प्रश्न भावजींना नाही सुचला, ऑफिसात कुणाला सुचला नसता. मी म्हटलं, “मधनंच. सारखं मधनं. त्यांची दोन दांडगी माणसं तिथंच उभी होती.”

“आणि कडंला?”

“कडेचा त्यांचा चांगला माणूस जखमी होता. खेळतच नव्हता.”

बाबा जरा वेळ गप्प. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

“मग कडंनं जायला काय झालं होतं येड्यांना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं, चहा झाला का.