सूपचे ते ३२ डबे छापलेले नाहीत

लेखात अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९६२ च्या सूपच्या डब्यांच्या चित्रांना ‘स्क्रीनप्रिंट’ (म्हणजे जाळीतून शाई ओढून छापलेली चित्रं) म्हटलंय, ते कृपया दुरुस्त करा. त्या जुलैत लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत मांडलेले ३२ कॅनव्हास, प्रत्येकी २० बाय १६ इंच, हाताने रंगवलेले आहेत. फक्त खालच्या पट्टीतली फुलांची नक्षी ठशाने उमटवलेली. गोंधळ होतो तो १९६८ च्या दहा प्रिंट्सच्या संचामुळे. तो मात्र खरोखर छापलेला आहे.

फोटोवरून स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, बनवून छापणं वॉरहॉलने १९६२ च्या उन्हाळ्याअखेरीस सुरू केलं आणि खरी गंमत तिथे आहे. अभिनेत्री मर्लिन मन्रोच्या रंगीत चित्रांत रंग आधी लागतात, फोटो नंतर. चेहऱ्याची बाह्यरेषा कॅनव्हासवर उतरवायची, केस, ओठ, पापण्यांचे सपाट रंग हाताने भरायचे, ते वाळले की वर जाळी ठेवून रबरी पट्टीने काळी शाई ओढायची. जाळी जरा सरकली की ओठांचा रंग रेषेबाहेर येतो. शाई जास्त झाली तर बारकावे बुजून काळा डाग पडतो. कमी पडली किंवा जाळीची भोकं वाळलेल्या शाईने बंद झाली तर चेहरा फिकट होत जातो. ‘मर्लिन डिप्टिक’ या दोन भागांच्या चित्राच्या उजव्या, काळ्या-पांढऱ्या भागात हे दोन्ही दिसतं. नेहमीचा छपाईवाला असे तुकडे फेकून देईल. वॉरहॉलने ते ठेवले, आणि माझ्या मते त्या चित्राची सगळी ताकद त्या उजव्या बाजूतच आहे.