परदेशातून: आधी कोणाचं जाळं रिकामं होतं?

कोकणात पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून धरणारं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा वाद पेटला की पर्ससीनवाल्यांचा एक मुद्दा हमखास पुढे येतो: समुद्रात मासा नसता तर आमच्या होड्या भरून आल्या असत्या का? किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर म्हणतात, आमच्या जाळ्यात काही उरलं नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघंही आपापल्या पोटाचं बोलतायत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर वेगळंच दिसतं. दोघंही खरं बोलत असू शकतात, आणि तसं असेल तर तीच धोक्याची खूण आहे.

इथली वस्ती कॉड माशावर उभी राहिली. आधी गळ, मग हजारो गळांच्या लांब दोऱ्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॉड ट्रॅप. हा ट्रॅप म्हणजे पाण्यात उभी केलेली बिनछताची खोली. चार भिंती जाळ्याच्या, तळही जाळ्याचा, वरच्या कडेला बोये, कोपरे नांगर टाकून ताणलेले. किनाऱ्याच्या खडकापासून दारापर्यंत जाळ्याची आणखी एक सरळ भिंत सोडतात. उन्हाळ्यात केपलिन नावाचा छोटा मासा अंडी घालायला किनाऱ्याला लागतो आणि त्याच्या मागे कॉड येतो. भिंत आडवी आली की कॉड खोल पाण्याकडे वळतो आणि नेमका दारात शिरतो. आत तो कडेकडेने फिरत राहतो, बाहेरची वाट त्याला सापडत नाही. जाळं काढताना आधी दार वर ओढून बंद करायचं, मग तळ एका बाजूने उचलत मासा एका कोपऱ्यात आणायचा आणि हातजाळ्याने होडीत भरायचा. पाण्यातला चिकट शेवाळी गाळ दोऱ्याला बसला की जाळं माशाला दिसायला लागतं. प्रवाहाचा जोर वाढला की भिंती आडव्या पडतात. हिमखंड आला तर सगळंच घेऊन जातो.

हा ट्रॅप जागचा हलत नाही. अनेक गावांत त्याच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरत. तो माशाची वाट पाहतो. मासा कमी झाला की त्याला पहिल्यांदा कळतं.

ट्रॉलर म्हणजे जाळं ओढत मासा पकडणारं जहाज, ते वाट पाहत नाही. १९५४ साली ‘फेअरट्राय’ हे ब्रिटिश जहाज समुद्रात उतरलं. जाळं मागच्या उतारावरून वर ओढायचं, मासा जहाजातच कापून गोठवायचा. अशी परदेशी जहाजं मोठ्या संख्येने इकडे आली आणि १९६८ साली इथल्या उत्तरी कॉडची पकड ८ लाख टनांवर गेली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द लावली. परदेशी जहाजं हटली, पण त्यांची जागा कॅनडाच्याच ट्रॉलरनी घेतली.

हिवाळ्यात कॉड खोल पाण्यात दाटीने एकत्र येतो. सोनारला (ध्वनिलहरींनी मासा शोधणाऱ्या यंत्राला) ती झुंड दिसली की जाळं भरतंच. एकूण मासा निम्मा झाला तरी उरलेला मासा तसाच एकत्र जमतो, त्यामुळे ट्रॉलरची ताशी पकड फारशी घटत नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी हे आकडे साठ्याच्या गणितात धरले आणि साठा होता त्यापेक्षा मोठा दिसला. ऐंशीच्या दशकात ट्रॅप रिकामे पडू लागले तेव्हा ‘पाणी थंड आहे, मासा किनाऱ्याला येत नाही’ असं सांगितलं गेलं. थंड पाण्याने मासा दूर राहतो हे खरंच आहे, म्हणून तर ते सगळ्यांना पटलं. १९८६ साली किनाऱ्यावरच्या मच्छिमारांच्या संघटनेने स्वतः अभ्यास करून घेतला आणि सरकारी अंदाज चुकीचे असल्याचं मांडलं. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांना मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचं काम गेलं. ती बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि तेव्हाही कोटा फक्त १८,००० टनांचा.

पर्ससीन हे शोधत जाणारं जाळं आहे. थव्याभोवती गोल टाकायचं आणि खालच्या कड्यांतून जाणारा दोर ओढून बटव्याच्या नाडीसारखं आवळायचं. एलईडीने तर थवा शोधायचीही गरज उरत नाही, दिवा टाकला की तो जवळ येतो. उलट रापण त्याच किनाऱ्यावर, त्याच वाळूत ओढली जाते. सातपाटीकडची डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, तीही प्रवाहात एका जागी बांधलेली. आपले ट्रॅप हेच.

फरकही आहे. कॉड वयात यायला पाच-सहा वर्षं घेतो, बांगडा साधारण वर्षभरात येतो. तारली आणि बांगडा पावसापाण्याप्रमाणे वरखालीही होतात, तेव्हा एका वाईट हंगामावरून काही सिद्ध होत नाही. पण म्हणूनच नोंदी सलग हव्यात. कॅनडाने मच्छिमारांना वर्षानुवर्षं कोट्यवधी डॉलर दिले. आपल्याकडे रापणीवर जगणाऱ्यांना तसा आधार मिळेल असं धरून चालता येणार नाही.

पर्ससीनवर २०१६ पासून राज्याचे निर्बंध आहेत, एलईडीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. अंमलबजावणीची मागणी योग्यच आहे. पण मोजमापाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. प्रत्येक रापण संघाने प्रत्येक ओढीची नोंद ठेवावी: तारीख, जागा, जाळ्याची लांबी, वारा, जातवार किलो, आणि टोपलीभर मासा मोजून त्यातली पिल्लं किती. रिकामी ओढसुद्धा लिहायची, ती गाळली तर वही खोटी बोलते. पर्ससीनच्या नोंदीत फक्त फेऱ्या नकोत, थवा शोधायला लागलेले तासही हवेत. होडी भरूनच येत असेल, पण ती भरायला दोनऐवजी नऊ तास लागत असतील, तर ते वहीत दिसलं पाहिजे.