डॉक्टरांच्या बोटांवरचं रक्त

२०२४च्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर चकल्यांचे फोटो मागे पडले आणि सूझा-पदमसींवरून जुंपली. निमित्त होतं मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाचं. फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी या चित्रकारांची परदेशातल्या लिलावांत घेतलेली सात चित्रं मुंबईत आली, तेव्हा कस्टमने ती अश्लील ठरवून अडकवली होती. कोर्टाने ती सोडायला लावली. नग्न चित्र म्हणजे आपोआप अश्लील चित्र नव्हे, असा एकूण अर्थ.

पुण्याच्या आतेभावाने लिहिलं, "हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ. कपड्यांचं वावडं त्यांना, आपण कशाला टाळ्या वाजवायच्या?" मुंबईच्या भाचीचं लगेच उत्तर आलं, "मामा, तुझ्याकडे अमेरिकेत असं कधी झालं असतं का? सांग ना यांना."

मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना आणि नाक मुरडणाऱ्यांना, दोघांनाही गोऱ्या माणसाच्या मोकळेपणाची इतकी खात्री असते की मध्ये बोलणाऱ्याची पंचाईत होते. पण मी अठरा वर्षं फिलाडेल्फियात राहतोय, आणि या गावाने आपल्या सगळ्यात मोठ्या चित्रकाराचं काय केलं हे मला चांगलं ठाऊक आहे.

त्याचं नाव थॉमस एकिन्स. जन्म इथलाच, १८४४चा. पॅरिसला जाऊन शिकला, स्पेनमध्ये वेलास्केथची चित्रं डोळे भरून पाहिली आणि १८७० साली परतला तो कायमचा. गावात जेफरसन मेडिकल कॉलेज होतं, तिथे तो शरीरशास्त्राच्या वर्गांना बसे. तिथले शल्यविशारद डॉ. सॅम्युअल ग्रॉस सत्तरीचे. एकिन्सने १८७५ साली त्यांचं आठ फूट उंचीचं चित्र काढलं, 'द ग्रॉस क्लिनिक'. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शताब्दी पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियात साजरी व्हायची होती, त्या प्रदर्शनासाठी.

चित्र समोर उभं राहून बघण्यासारखं आहे. सगळा अंधार, वरच्या बाकांवर विद्यार्थी दाटीवाटीने बसलेले, आणि झरोक्यातून येणारा उजेड थेट डॉक्टरांच्या कपाळावर. काळा कोट, रोजचाच. एका तरुणाच्या मांडीतलं सडलेलं हाड काढणं चाललंय. आधीच्या काळात पाय कापूनच टाकला असता, इथे वाचवतायत, आणि ग्रॉस तेच विद्यार्थ्यांना समजावून सांगायला क्षणभर वळलेत. हातातल्या सुरीवर आणि बोटांवर ताजं रक्त. रोग्याचं तोंड दिसत नाही, उघडी मांडी दिसते आणि पायांतले मोजे दिसतात. ते मोजेच मला फार छळतात. डाव्या कडेला एक बाई, बहुधा रोग्याची आई, हाताची बोटं आकडीसारखी वळवून तोंड झाकून बसलीय.

माझी बायको भूलतज्ज्ञ आहे. ती या चित्रात डॉक्टरांकडे बघतच नाही. रोग्याच्या तोंडावर क्लोरोफॉर्मचा बोळा धरून बसलेल्या माणसाकडे बघते आणि दर वेळी म्हणते, "याच्याकडे घड्याळसुद्धा नाही गं बाई." मी गं बाई नाही, पण ते असो.

तर हे चित्र प्रदर्शनाच्या कला विभागाने नाकारलं. एकिन्सची बाकीची चित्रं घेतली, हे नको म्हणाले. शेवटी ते लागलं कुठे, तर प्रदर्शनातच सैन्याच्या नमुना इस्पितळात, खाटांच्या शेजारी. दोन वर्षांनी जेफरसन कॉलेजसाठी ते विकत घेतलं गेलं, दोनशे डॉलरला.

इथवर रक्ताचा प्रश्न होता. नग्नतेचा पुढेच आला. एकिन्स इथल्या पेनसिल्व्हेनिया अकादमीत शिकवू लागला. मॉडेलवरून चितारायचं, प्रेताची चिरफाड बघायची, स्नायू कुठून कुठे जातो ते हाताने समजून घ्यायचं, आणि हे मुलींनाही मुलांइतकंच, असा त्याचा खाक्या. १८८६च्या सुरुवातीला मुलींसमोरच्या एका वर्गात त्याने पुरुष मॉडेलची लंगोटी काढली. बोभाटा झाला, आणि फेब्रुवारीत त्याला राजीनामा द्यायला लावला. त्याची बाजू घेऊन काही विद्यार्थीही बाहेर पडले. एकिन्स हा माणूस म्हणून साधासरळ नव्हता, त्याच्या वागण्याबद्दल वाईट बोलणारे घरचेच लोक होते. त्याला हुतात्मा करायची मला हौस नाही. पण नोकरी गेली ती लंगोटीवरून.

आणि या तारखेपाशी मी अडखळलो. फेब्रुवारी १८८६. त्याच गावात तेव्हा कल्याणची एक वीस वर्षांची मुलगी वैद्यकीच्या शेवटच्या परीक्षांच्या तयारीत होती. आनंदीबाई जोशी. मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. म्हणजे नऊवारी नेसणारी ब्राह्मणाची मुलगी शरीराचा अवयव न् अवयव शिकून डॉक्टर होत होती, तेव्हा त्याच फिलाडेल्फियात चित्रकलेच्या मुलींनी जिवंत पुरुषदेह पाहिला म्हणून मास्तरांना घरी पाठवत होते. वैद्यकीच्या मुलींनाही हे काही सुखाने मिळालेलं नव्हतं. १८६९ साली त्यांच्याच कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलातल्या व्याख्यानाला गेल्या, तेव्हा तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. आनंदीबाई आणि एकिन्स एकमेकांना कधी दिसले का, याचा मागमूस नाही. दिसले असावेत असं मानायचा मोह मी आवरतो.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामा, ते दीडशे वर्षांपूर्वीचं." बरं, परवाचं सांगतो. २०२३ साली फ्लोरिडातल्या एका शाळेत सहावीच्या मुलांना मायकेलअँजेलोचा डेव्हिड, म्हणजे नग्न पुतळा, दाखवला, पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापिकेला खुर्ची सोडावी लागली. सोवळं सगळीकडेच असतं. आतेभावालाही तेच सांगितलं: अरे, तू ज्याला पाश्चात्त्यांचं खूळ म्हणतोस ते पाश्चात्त्यांनाही झेपत नाही. नग्नता त्यांची आणि लाज आपली अशी वाटणी कुणी केली? त्याने अंगठा पाठवला. पुणेरी अंगठा, त्यात काहीही असू शकतं.

पण एक फरक मला दिसतो, आणि तो मोकळेपणाचा नाही.

मी इथे आलो २००६च्या शरद ऋतूत. बर्फाचे बूट घ्यायचे होते, पगाराचा पहिला चेक यायचा होता, आणि रेडिओवर, वर्तमानपत्रात, बसमध्ये एकच विषय: ग्रॉस क्लिनिक गावाबाहेर चाललं. जेफरसन विद्यापीठाने ते सहा कोटी ऐंशी लाख डॉलरला विकायचं ठरवलं होतं. घेणारे दोघे मिळून, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि वॉलमार्ट घराण्याच्या वारसदार बाई आर्कान्सात उभारत होत्या ते संग्रहालय. गावाला एवढीच रक्कम उभी करायला पंचेचाळीस दिवस दिले. माझ्याशेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने वीस डॉलर पाठवले. त्याला विचारलं, तुला हे चित्र आवडतं? म्हणाला, शाळेच्या सहलीत दाखवलं होतं, तेव्हा मला ओकारी आली होती. मग पैसे कशाला? तर म्हणे, आमचं आहे ना ते.

साडेतीन हजारांवर लोकांनी पैसे दिले, आणि चित्र इथल्या कला संग्रहालयाने आणि पेनसिल्व्हेनिया अकादमीने मिळून घेतलं. तरी देणग्या पुरल्या नाहीत, कर्ज काढावं लागलं, आणि ते फेडायला ज्या अकादमीने एकिन्सला घालवलं होतं तिने आपल्याकडचं त्याचंच 'द चेलो प्लेयर' विकलं. कोणाला विकलं ते मात्र सांगितलं नाही. म्हणजे एक एकिन्स ठेवायला दुसरा गेला. यात भारावून जाण्यासारखं काय आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. विद्यापीठाला इमारती बांधायला पैसे हवे होते, अब्जाधीश बाईंना संग्रह, आणि गावाला अब्रू. तीच अकादमी २०२४ साली जाहीर करून बसली की आता पदवीचं शिक्षण परवडत नाही, बंद करतोय. तेव्हा कोणी वीस डॉलर पाठवल्याचं ऐकलं नाही. भिंतीवरचं चित्र राखता येतं, चित्रं काढणारी पोरं राखणं महाग पडतं.

तरीसुद्धा 'आमचं आहे ना ते' हे वाक्य डोक्यातून जात नाही. आपल्याकडे चित्रावरून भांडण होतं ते नेहमी काढून टाकण्याचं. पदमसींना १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या चित्रांवरून अटक झाली, खटला चालला, ते सुटले. सत्तर वर्षांनी त्याच शहरात त्यांचीच चित्रं पुन्हा कोर्टात, आणि ती सुटली तेव्हा बघायला पदमसी नव्हते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन लंडनमध्ये वारले. या भांडणांत मी कोर्टाच्या आणि भाचीच्या बाजूचा आहे, त्यात आडपडदा नाही. पण कोर्टाने सोडवलेलं चित्र पुढे कुठल्या भिंतीवर लागतं, ते बघायला आपल्यातला कोण जातो, हे आमच्या गटावर एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

आमचं आजोळ सातारा जिल्ह्यात. तिथून औंध काही लांब नाही. यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडातली आई आणि मूल आहे. हेन्री मूर, औंधात! लहानपणी प्रत्येक मे महिन्यात आम्ही देवीला गेलो, पेढे खाल्ले आणि खाली उतरलो. ते संग्रहालय मी पहिल्यांदा पाहिलं ते चाळिशी उलटल्यावर, रजेवर आलेला पाहुणा म्हणून.

गेल्या वर्षी आतेभाऊ आणि वहिनी इकडे आले होते. फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या त्यांना 'रॉकी' सिनेमामुळे माहीत होत्या, त्या चढून दोघांनी हात वर करून फोटो काढला. मग मी त्यांना ग्रॉस क्लिनिकसमोर नेलं. आतेभाऊ बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "रक्त जरा कमी दाखवलं असतं तरी चाललं असतं." वहिनी त्या तोंड झाकलेल्या बाईकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "तिला कशाला आत घेतलं हो?"

निघताना मी त्याच्याकडून औंधला जायचं कबूल करून घेतलं. परवा त्याचा फोटो आला, यमाईच्या देवळाचा, दीपमाळेसकट. संग्रहालय पाहिलंस का, म्हणून विचारलं. "वेळच नाही झाला रे," त्याने लिहिलं, "पेढे मात्र आणलेत."