चांगले चालणारे स्पीकर कसे बदलावेत

तुमच्या घरी स्पीकरची एक जोडी आहे, ती नीट वाजते आणि तिचा आवाज तुम्हाला आवडतो. म्हणजे तुमचं काहीतरी चुकतंय. हा छंद असा करत नाहीत. पस्तीस वर्षं मी या वाटेवर पैसे ओतले आहेत, तेव्हा चार शब्द सांगायचा हक्क मला आहे असं समजून वाचा. शिवाय गेल्या रविवारपासून माझ्याकडे संध्याकाळी भरपूर वेळ आहे. का, ते पुढे येईलच.

सल्ला पहिला. सुरुवात चांगल्या स्पीकरने करू नका, नाहीतर पुढे बदलायला निमित्त उरत नाही. मी 1990 साली पुण्याच्या तापकीर गल्लीतून आठ इंची दोन वूफर (खालच्या, जाड आवाजाचे) आणि दोन कागदी ट्वीटर (वरच्या, बारीक आवाजाचे) आणले आणि नाना पेठेतल्या एका सुताराकडून प्लायवूडच्या पेट्या करून घेतल्या. पेटीचं माप? खिडकीच्या कट्ट्यावर मावेल एवढं. कुठल्या वूफरला किती मोठी पेटी लागते याचं गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 सालीच मांडून ठेवलं होतं, पण ते नाना पेठेत पोचलं नव्हतं आणि माझ्या डोक्यात तर नव्हतंच. आत भरायला गादीवाल्याकडून अर्धा किलो पिंजलेला कापूस आणला. आवाज ऐकून आई म्हणाली, "रांजणात तोंड घालून गातोय का रे हा?" खरंच तसाच होता. त्या पेट्यांवर मी अख्खी कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकायचो. मधेच उठून स्पीकर दोन इंच आत-बाहेर करावा हे सुचायचंसुद्धा नाही. नवशिक्याच्या चुका, दुसरं काय.

सल्ला दुसरा. दर पाच-सहा वर्षांनी स्पीकरच्या जगात क्रांती होत असते, ती चुकवू नका. मी एकही चुकवली नाही. सुताराच्या पेट्या गेल्या, कोलकात्याच्या सोनोडाइन आल्या. त्या चुलतभावाला दिल्या आणि व्हार्फडेल कंपनीचे 'डायमंड' नावाचे छोटे स्पीकर घेतले. मग 'छोट्या पेटीला बेस नसतो' असं चार लोक म्हणाले, म्हणून 2009 साली कमरेएवढे टॉवर आणले, विलायती, एक लाख दहा हजारांचे. प्रत्येक वेळी माहितीपत्रकात एक नवीन शब्द होता आणि कोनाचा, म्हणजे पुढे थरथरणाऱ्या शंकूचा, रंग बदललेला होता. आत काय होतं? लोहचुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटवलेला कोन. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी 1925 साली जे मांडलं तेच. घुमटाच्या आकाराचा ट्वीटर 1958 सालच्या एआर-3 या अमेरिकन स्पीकरमध्ये होता. म्हणजे तुमच्या पुढच्या क्रांतीचं वय साधारण शंभर वर्षं आहे. पण हे दुकानात बोलू नका, डेमो बंद करतात.

सल्ला तिसरा. नव्या स्पीकरचा आवाज आवडला नाही तर दोनशे तास वाजवून बघा, तोवर परत करायची मुदत संपते.

सल्ला चौथा, तारेबद्दल. अ‍ॅम्पपासून (अ‍ॅम्प्लिफायरपासून) स्पीकरपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार टाकली तर तीन मीटरला, जाऊन-येऊन सहा मीटर धरले तरी, रोध भरतो 0.04 ओहम. स्पीकरच्या पोटात क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर आणि ट्वीटरला आपापला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटची, जी कॉइल कंपनीने स्वतः बसवलेली असते, तिचा रोध सहसा याच्या कितीतरी पट असतो. तरीही बोटाएवढी जाड, नागाच्या कातडीसारख्या वेष्टणाची तार घ्याच. मी घेतली होती. सोफ्याच्या मागे छान दिसते.

सल्ला पाचवा. खोलीकडे बघू नका. खोली बदलायला पन्नास लाख लागतात, स्पीकर बदलायला एक. आपल्याकडे 'म्युझिक रूम' म्हणजे दहा बाय बाराची बेडरूम, तिच्यात लोखंडी कपाट, इस्त्रीचे कपडे आणि कुणाची तरी सायकल. बारा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्या दोघींमध्ये अडकून घुमत बसतो. तो घुमला की कपाटाचं दार थरथरतं आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं एकमेकांना साद घालतात. मी त्याला बारा वर्षं 'पॉवरफुल बेस' म्हणत होतो. एकदा पाहुणे आले म्हणून कोपऱ्यात गाद्या रचून ठेवल्या, तर आवाज एवढा सुधारला की मी पाहुण्यांना अजून दोन दिवस राहायचा आग्रह केला. पण गाद्यांची कोणी जाहिरात करत नाही. तेव्हा सोडा.

सल्ला सहावा. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवू नका, माहितीपत्रकावर ठेवा. याचा पुरावा मी स्वतः आहे. टॉवर आल्यावर एका दिवाळीत साफसफाईसाठी तारा काढल्या आणि परत लावताना एका बाजूची लाल-काळी उलटी लागली. एक कोन पुढे येतोय तेव्हा दुसरा मागे जातोय. बेस जाग्यावर मेला, गायिका मधोमध बसायची ती दोन्ही भिंतींना पसरली. मी काय म्हणालो? "साउंडस्टेज काय उघडलंय!" म्हणजे गाणारे-वाजवणारे समोर कसे ऐसपैस पसरलेत. दोन महिने येईल त्याला ऐकवत होतो. मग एके दिवशी आई दारात उभी राहून किशोरीताईंचा भूप ऐकत होती. म्हणाली, "बाई बसलीय कुठे? दोन्ही कोपऱ्यांतून कशी येतेय?" आईला फेज, पोलॅरिटी काही ठाऊक नाही. तिने मैफली ऐकल्यात, तिथे गाणारी बाई एकाच जागी बसते.

सल्ला सातवा. स्पीकर कधीही मोकळ्या जागी ठेवू नका, वर फोटोफ्रेम ठेवा.

सल्ला आठवा. आणि आता मुख्य. वर्षातून एकदा तरी एखाद्या जाणकाराला घरी बोलवा. जाणकार ओळखायचा कसा? तो गाणं ऐकत नाही, 'ट्रॅक' ऐकतो. येताना स्वतःचा पेनड्राइव्ह आणतो. तुम्ही मालकंस लावलेला असतो, तानपुरे नुकते जुळलेले असतात, पंडितजींनी पहिला षड्ज लावायच्या आत तो म्हणतो, "हे ठीक आहे रे, पण काहीतरी चांगलं रेकॉर्डिंग लाव ना." मग ते अमेरिकन बँडचं गिटारवालं लाइव्ह गाणं. 'हॉटेल कॅलिफोर्निया', दुसरं काय. त्यातही पूर्ण गाणं नाही, ढोल पडतो तेवढाच तुकडा, चार वेळा.

माझ्याकडे गेल्या रविवारी असाच एक आला. पोहे खाल्ले, चहा झाला, हात पुसत अ‍ॅम्पकडे गेला आणि म्हणाला, "थोडं मोकळं सोडू का?" मी हो-नाही म्हणायच्या आत बटण घड्याळाच्या तीनवर. माझा अ‍ॅम्प चाळीस वॉटचा. दहा बाय बाराच्या खोलीत त्याला नवाच्या पुढे न्यायची वेळ सहसा येत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात, हे यांना कोणी सांगायचं? अ‍ॅम्पची ताकद संपली की तो लाटेची टोकं कापायला लागतो आणि त्या कापलेल्या लाटेतला बराचसा मार नाजूक ट्वीटरला बसतो. ढोल फाटल्यासारखा ऐकू आला. मी "अरे कमी कर" म्हणतोय, तो डोळे मिटून मान हलवतोय. मग उजव्या बाजूने एक बारीक 'टिक' आणि पाठोपाठ वास. मोटारीचं वाइंडिंग जळल्यावर येतो ना, वार्निशचा, तस्सा. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, तुझे स्पीकर लोड घेत नाहीत. अपग्रेड कर आता."

अपग्रेड कर! जाळलं कोणी?

मल्टिमीटर लावला तर आकडाच नाही. कॉइल तुटलेली. एक इंचाचा घुमट, त्याच्या मागे केसासारख्या तारेचं वेटोळं, एवढीच वस्तू गेली. बाकी टॉवर ठणठणीत. रबरी कडा मऊ, पेटीला ओरखडा नाही. म्हटलं नवा ट्वीटर मागवू, चार स्क्रू काढायचे, दोन क्लिपा लावायच्या, संपलं. सोमवारी सर्व्हिस सेंटरला फोन केला. आधी सात मिनिटं बासरी. मग, "सर, मॉडेल डिसकंटिन्यू झालंय." बरं, ट्वीटर? "सर, आम्ही पार्ट सेल करत नाही." मग दुरुस्तीला देऊ? "सर, पार्ट अव्हेलेबल नाही." मग करू काय? इथे त्या मुलाचा आवाज एकदम उजळला. "सर, तुमच्यासाठी एक्सचेंज स्कीम आहे! जुन्या पेअरचे आठ हजार मिळतील." आठ हजार. एक लाख दहा हजारांचे. यापेक्षा जास्त पैसे आमच्या भंगारवाल्याने जुन्या फ्रीजचे कबूल केले असते, निदान तो घासाघीस तरी करतो.

'बाजारातला दुसरा बसवा' असं सांगणाऱ्यांनी जरा थांबावं. दुसऱ्या ट्वीटरची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेत किती मोठा वाजतो ते, वेगळी, रोध वेगळा. त्या क्रॉसओव्हरशी तो जुळत नाही, आणि जुळवलाच तरी उजवा एक बोलणार, डावा वेगळंच. म्हणजे दोन्ही बदला, क्रॉसओव्हर पण बदला. मग ते माझे स्पीकर राहिले कुठे? आणि असं करायची गरज का पडावी? बीबीसीने 1970 च्या दशकात आपल्या रेकॉर्डिंगच्या व्हॅनमध्ये ठेवायला जे फूटभर उंचीचे स्पीकर बनवून घेतले, त्यांच्या जोड्या आजही वाजतायत. क्वाड कंपनीचे 1957 सालचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, ज्यांत कोनाऐवजी पातळ पडदा थरथरतो, लोक अजून आतली पॅनेलं बदलून वाजवतात. ते जुनं म्हणून थोर नाही. तिथे बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता येतो, एवढंच. आणि माझ्या 2009 सालच्या पेटीसाठी एक इंचाचा भाग मिळत नाही! चंद्र मागतोय का मी?

सल्ला नववा. की दहावा? जाऊ दे ते आकडे.

काल संध्याकाळी तोच मालकंस पुन्हा लावून पाहिला. डाव्या बाजूला तानपुरा आहे. उजव्या बाजूला आहे, पण त्याची जवारी गेलीय. ती सगळी झणझण वरच्या स्वरांत असते, ट्वीटरच्या वाट्याची. उरला तो गोधडीत गुंडाळलेला तानपुरा. दहा मिनिटांत बंद केलं.

आणि खरं बोलायचं तर त्या सर्व्हिस सेंटरच्या पोरावर माझा राग नाही. त्याला कागदावर लिहून दिलंय ते तो वाचतो. राग तुमच्यावर आहे. हो, तुमच्यावर, दर तीन वर्षांनी नवी जोडी आणून फोटो टाकणाऱ्यांवर. चालणारे स्पीकर आठ हजारांत देऊन टाकता आणि वर 'डील मिळालं' म्हणता. पार्ट कोणी मागतच नाही तर ती कंपनी ठेवील कशाला? घेताना कधी विचारलंत दुकानदाराला, की दहा वर्षांनी याचा ट्वीटर मिळेल का, वूफरची कडा फाटली तर बदलून मिळेल का? कोनाचा रंग विचारता. स्पीकरच्या टोकदार पायांखाली कुठल्या धातूची चकती ठेवू ते विचारता. अठरा वर्षांच्या पोराला पहिल्या जोडीच्या दुसऱ्याच आठवड्यात 'हे एंट्री लेव्हल आहे रे' म्हणून हिणवता. लाज वाटायला पाहिजे. त्याचं गाणं सुरू आहे, तुमचं ढोलाच्या चार ठोक्यांच्या पुढे कधी गेलंय?

मी पण त्यातलाच. सोनोडाइन मी काय बिघडल्या म्हणून दिल्या होत्या? परवा चुलतभावाला फोन केला, अजून वाजतायत का म्हणून विचारायला. "कशाला रे, रोज सकाळी भक्तिगीतं लागतात त्यांच्यावर," म्हणाला. परत मागायचं धाडस झालं नाही.

असो. 2009 च्या सुमाराचे, कमरेएवढे, चेरी रंगाचे विलायती टॉवर कुणाकडे माळ्यावर पडले असतील तर कळवा. वूफर फाटका चालेल, पेटी उंदरांनी कुरतडलेली चालेल, एकच उरला असेल तरी चालेल. ट्वीटर तेवढा जिवंत पाहिजे. घ्यायला मी एकटाच येईन.